कृत्रिम अँटिमायक्रोबियल पेप्टाइड: रचना आणि परिणाम यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर नव्याने काम सुरू करणारे एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी आणि रसायनशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. प्रयोगशाळेत हात घालण्याआधी निदान हेलिकल व्हील (हेलिक्स टोकाकडून पाहून अमिनो आम्ले वर्तुळावर मांडलेली आकृती), मोजमाप आणि वजन या तीन गोष्टींवरची उत्तरे तरी वाचा. बहुतेकांचे वर्ष तिथेच वाया जाते.

अँटिमायक्रोबियल पेप्टाइड म्हणजे नेमके काय? 'कृत्रिम' म्हणजे किती कृत्रिम?

साधारण १० ते ५० अमिनो आम्लांची, बहुधा धनप्रभार असलेली छोटी साखळी, जी जिवाणू किंवा बुरशीला मारते किंवा वाढू देत नाही. निसर्गात ती सगळीकडे सापडतात. सेक्रोपिया पतंगात सेक्रोपिन (१९८१), आफ्रिकन झेनोपस बेडकाच्या कातडीत मॅगेनिन (१९८७), माणसाच्या पांढऱ्या पेशींत एलएल-३७, मधमाशीच्या विषात मेलिटिन. 'कृत्रिम' या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात: नैसर्गिक क्रम जसाच्या तसा यंत्रावर बनवणे, नैसर्गिक क्रमात एक-दोन बदल करणे, आणि कोऱ्या कागदावरून नवा क्रम रचणे. रचनेचा परिणामाशी संबंध शोधायचा तर दुसरा प्रकार सर्वात जास्त शिकवतो, कारण तिथे तुलनेला मूळ पेप्टाइड हाताशी असते.

जिवाणू मरतो आणि आपली पेशी वाचते. हा फरक पेप्टाइडला कसा कळतो?

पेशीच्या पटलाच्या (मेम्ब्रेनच्या) बाहेरच्या थरावरून. जिवाणूच्या पटलात फॉस्फाटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन ही ऋणप्रभारी लिपिडे असतात. ग्रॅम-निगेटिव्ह (बाहेर आणखी एक पटल असलेल्या) जिवाणूच्या अंगावर वर लिपोपॉलिसॅकराइडचा थर, तोही ऋणप्रभारी. आपल्या तांबड्या रक्तपेशीच्या बाहेरच्या थरात मात्र फॉस्फाटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन असते, म्हणजे एकूण प्रभार शून्याच्या आसपास, शिवाय कोलेस्टेरॉलने घट्ट झालेला. धनप्रभारी पेप्टाइड आधी जिवाणूकडे ओढले जाते ते प्रभारामुळे. पटलात घुसते ते जलविरोधी बाजूमुळे. पहिली पायरी निवडक असते, दुसरी फारशी नसते. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचे मूळ या एका वाक्यात आहे.

मग प्रभार वाढवत गेले की परिणामही वाढत जातो का?

काही मर्यादेपर्यंत. मॅगेनिन-२ चा एकूण प्रभार सुमारे +३ असतो. त्याच्यावरून बनवलेल्या पेक्सिगॅननमध्ये नऊ लायसिन आणि मोकळे अमिनो टोक धरून +१०, आणि ते मूळ पेप्टाइडपेक्षा बरेच जास्त जिवाणूंवर चालते. पण अशी उडी सरसकट चालत नाही. ठरावीक लांबीत लायसिन कोंबत गेलात तर ते शेजारी-शेजारी येऊन एकमेकांना ढकलतात आणि हेलिक्स (साखळीची मळसूत्री गुंडाळी) सैल पडते. जलविरोधी जागाही कमी होतात. मग पेप्टाइड जिवाणूला चिकटते, पण पटलात शिरत नाही. १२ ते २५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडसाठी +४ ते +९ हा पट्टा धरून सुरुवात करावी.

लायसिन घ्यावे की आर्जिनिन?

दोघांचा प्रभार +१ च. आर्जिनिनचा ग्वानिडिनियम गट फॉस्फेटशी एकाच वेळी अनेक हायड्रोजन बंध करतो, म्हणून ते पटलाला जास्त घट्ट बसते. ट्रिप्टोफॅनसोबत असले तर विशेष. लहान, ८ ते १३ लांबीच्या पेप्टाइडमध्ये आर्जिनिन-ट्रिप्टोफॅनची जोडी फार कामाची. पण तोच घट्टपणा आपल्या पेशींनाही कधी कधी भोवतो, आणि आर्जिनिन खिशालाही महाग. लांब हेलिक्ससाठी लायसिनने सुरुवात करून शेवटी एक-दोन जागा आर्जिनिनच्या करून पाहणे हा व्यवहारी मार्ग.

हेलिकल व्हील कागदावर कसे काढायचे, आणि त्यातून काय कळते?

अल्फा हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले असतात, म्हणजे दर अमिनो आम्लामागे १०० अंशांचे वळण. एक वर्तुळ काढा, पहिले अमिनो आम्ल ० अंशावर, दुसरे १०० वर, तिसरे २०० वर, चौथे ३०० वर, पाचवे ४०० म्हणजे ४० वर, असे मांडत चला.

उदाहरणाला १४ लांबीचे एक सुप्रसिद्ध रचलेले पेप्टाइड घेऊ. 'लायसिन-ल्युसिन-अॅलानिन-लायसिन-ल्युसिन-अॅलानिन-लायसिन' हा सात जणांचा तुकडा दोनदा. वर्तुळावर मांडले की सहाही लायसिन २२० ते ३६० अंशांच्या पट्ट्यात येतात, चारही ल्युसिन २० ते १०० मध्ये, आणि चार अॅलानिन १२० ते २०० मध्ये. एक बाजू पूर्ण प्रभारी, दुसरी पूर्ण जलविरोधी. आता चौथ्या जागेचे लायसिन आणि पाचव्या जागेचे ल्युसिन यांची अदलाबदल करा. लायसिन ४० अंशावर गेले, ल्युसिन ३०० वर. घटक तेच, वजन तेच, प्रभार तोच, सरासरी जलविरोधीपणाही तोच. पण दोन्ही बाजूंत एकेक घुसखोर आला. अशा अदलाबदलीच्या पेप्टाइडची मूळ पेप्टाइडशी तुलना केल्याशिवाय 'उभयस्नेही (एक बाजू प्रभारी, दुसरी जलविरोधी अशा) रचनेमुळे परिणाम होतो' असे लिहू नये. नुसता क्रम विस्कटलेला नियंत्रण-नमुना बनवायला एका पेप्टाइडचा खर्च येतो, पण परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच मिटतो.

(हेच पेप्टाइड आपल्या पेशीत आत पोहोचवले तर मायटोकाँड्रियाचे पटल फोडते. मायटोकाँड्रियाचे पूर्वज जिवाणू होते, हे इथे आठवावे.)

जलविरोधी बाजू जितकी मोठी तितके पेप्टाइड जोरकस, हे खरे ना?

जोरकस, पण कोणावर? इथे सर्वात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

व्ही-६८१ नावाचे २६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. दोन्ही टोके झाकलेली, सहा लायसिन, प्रभार +६. जिवाणू मारते, पण तांबड्या पेशीही फोडते. त्याच्या व्हीलवर १३ व्या जागेचे व्हॅलिन १२० अंशावर येते, म्हणजे जलविरोधी बाजूच्या अगदी मधोमध. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्या एका जागी व्हॅलिनऐवजी लायसिन बसवले. जलविरोधी बाजूच्या मध्यभागी प्रभार! पाठ्यपुस्तकाप्रमाणे ही रचनेची नासाडीच. घडले ते असे की तांबड्या पेशी फोडण्याची ताकद कित्येक पटींनी घटली आणि जिवाणूंवरचा परिणाम टिकून राहिला.

कारण असे: सलग मोठी जलविरोधी बाजू असली की पाण्यात पेप्टाइडचे रेणू त्या बाजूंनी एकमेकांना चिकटून जोड्या, गठ्ठे करतात. असा गठ्ठा जिवाणूची भिंत ओलांडताना अडखळतो, उलट कोलेस्टेरॉलयुक्त उदासीन पटलात मात्र तीच मोठी बाजू खोल शिरते. मधले लायसिन गठ्ठा मोडते आणि उदासीन पटलातला शिरकाव महाग करते. जिवाणूच्या ऋणप्रभारी पटलाला मात्र तेवढी खोल घुसखोरी लागतच नाही. ११ व्या जागेचे सेरिन २८० अंशावर, प्रभारी बाजूच्या मधोमध आहे. तिथला बदल आणि १३ व्या जागेचा बदल यांचे परिणाम वेगळे, म्हणजे कोणते अमिनो आम्ल यापेक्षा ते कुठे बसवले हे जास्त महत्त्वाचे.

जलविरोधी घटक ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्यापुढे दर नव्या ल्युसिनमागे तांबड्या पेशींचा आकडा आधी बघा, जिवाणूचा नंतर.

पाण्यात पेप्टाइडला काहीच आकार नसतो असे सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, प्रकाशाच्या शोषणावरून साखळीचा आकार सांगणारे मोजमाप) दाखवते. मग रचना बिघडली का?

नाही. यातली बहुतेक सरळ पेप्टाइड पाण्यात सैलच असतात. सीडी आलेखात १९८ नॅनोमीटरजवळ एक दरी दिसते. पटल भेटले की २०८ आणि २२२ वर दोन दऱ्या आणि १९२ जवळ उंचवटा, म्हणजे हेलिक्स. किंबहुना पाण्यातच पक्के हेलिक्स दिसत असेल तर गठ्ठे होत आहेत का ते तपासा.

मोजताना: १ मिलिमीटरची क्युवेट, ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर पेप्टाइड, १० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट. पीबीएस (मीठ घातलेले फॉस्फेट बफर) वापरू नका. त्यातले क्लोराइड २०० नॅनोमीटरखाली प्रकाश शोषते आणि आलेखाऐवजी गवत दिसते. ५० टक्के ट्रायफ्लुओरोइथेनॉलमध्ये जवळजवळ कोणतेही होतकरू पेप्टाइड हेलिक्स होते, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढणे म्हणजे कॉपी करून पास होणे. निदान दोन लिपोसोम (लिपिडांचे कृत्रिम फुगे) घ्या: एक निव्वळ उदासीन, एक २५ ते ३० टक्के ऋणप्रभारी लिपिड घातलेले. दोन्हींत सारखेच हेलिक्स आले तर ते पेप्टाइड निवडक नसण्याची शक्यता जास्त.

लांबी किती असावी?

हेलिक्समध्ये दर अमिनो आम्लामागे ०.१५ नॅनोमीटर उंची मिळते. पटलाचा तेलकट गाभा सुमारे ३ नॅनोमीटर, म्हणजे आरपार जायला २० लागतात. पण आरपार जाणे ही अटच नाही. १२ ते १४ लांबीची पेप्टाइड पटलावर आडवी पसरून, ठरावीक दाटी झाली की ते फोडतात. १२ पेक्षा कमी लांबीत हेलिक्सवर विसंबू नका, ट्रिप्टोफॅन-आर्जिनिनकडे वळा. गाईच्या पांढऱ्या पेशींतले इंडोलिसिडिन फक्त १३ चे आहे आणि त्यात पाच ट्रिप्टोफॅन आहेत.

डी-अमिनो आम्ले (नेहमीच्या एल रूपाच्या आरशातल्या प्रतिमा) वापरली तर काय होते?

दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक ते एकत्र करतात.

सगळीच डी घेतली तर पेप्टाइड मूळ रेणूची आरशातली प्रतिमा होते. हेलिक्स उलट्या दिशेने वळते, पण बाजू तशाच राहतात. १९९० मध्ये सेक्रोपिन-ए, मॅगेनिन-२ आणि मेलिटिन यांच्या अशा प्रतिमा बनवून पाहिल्या तेव्हा त्या मूळ रेणूंइतक्याच प्रभावी निघाल्या. पटल फोडण्यासाठी डावा-उजवा हात जुळवणाऱ्या ग्राहीची गरज नसते, याचा हा सरळ पुरावा. वर ट्रिप्सिनसारखी विकरे त्यांना कापत नाहीत हा फायदा. मात्र पेप्टाइड पेशीच्या आत जाऊन रायबोसोमसारखे एखादे लक्ष्य गाठत असेल (प्रोलिनने भरलेली अॅपिडेसिन, ऑन्कोसिन) तर सर्व-डी रूप बहुधा निकामी ठरते. म्हणून सर्व-डी रूप हे कामाची पद्धत ओळखण्याचे उत्तम साधनही आहे.

एक-दोन किंवा चारच डी घातली तर हेलिक्स मोडते. मेलिटिनमध्ये चार जागी डी घालून १९९७ मध्ये दाखवले गेले की तांबड्या पेशी फोडणे जवळपास थांबते, जिवाणू मारणे राहते.

मध्ये प्रोलिन टाकू का?

पटल फोडायचे असेल तर नको, हेलिक्सला बाक येतो. पेशीत शिरायचे असेल तर तोच बाक उपयोगी. २१ लांबीच्या ब्युफोरिन-२ मध्ये ११ व्या जागी प्रोलिन आहे. ते पटल न फोडता आत जाते आणि डीएनए-आरएनएला चिकटते. ते प्रोलिन काढले की पेप्टाइड पटलावरच अडकून ते फोडू लागते.

चक्रीय केले की पेप्टाइड सुधारते का?

विकरांपासून टिकाव जवळजवळ नक्की वाढतो. निवडकपणाचे सांगता येत नाही. ग्रॅमिसिडिन-एस हे १० अमिनो आम्लांचे कडे १९४२ मध्ये सोव्हिएत संघात सापडले. ते प्रभावी आहे, पण रक्तपेशी फोडते, म्हणून फक्त बाहेरून लावण्यापुरते. कडे १४ पर्यंत वाढवले तर रक्तपेशींसाठी आणखी वाईट. पण त्या १४ च्या कड्यात एका लायसिनचे डी रूप केल्यावर दोन्ही बाजूंची काटेकोर विभागणी बिघडली आणि निवडकपणा आला. व्ही-६८१ चीच गोष्ट, वेगळ्या कपड्यांत. डायसल्फाइड बंधांसाठी डुकराच्या पेशींतले प्रोटेग्रिन-१ बघा: १८ अमिनो आम्ले, दोन बंध, केसाच्या पिनेसारखा आकार. बंध मोडले की क्षाराच्या द्रावणातला परिणाम बराच घटतो.

शेपटीला मेदाम्ल जोडण्याबद्दल काय?

पॉलिमिक्सिन-बी हा धडा पुरेसा आहे. कडे, पाच मोकळे अमिनो गट आणि आठ-नऊ कार्बनची शेपटी. शेपटी आणि तिच्या लगतचे एक अमिनो आम्ल काढून जो नऊचा तुकडा उरतो, तो ग्रॅम-निगेटिव्हचे बाहेरचे पटल अजूनही सैल करतो, पण स्वतः जिवाणू मारत नाही. म्हणजे प्रभार दार उघडतो, शेपटी काम तमाम करते. आपल्या पेप्टाइडला ८ ते १२ कार्बन जोडून पाहा. १६ कार्बनची शेपटी फक्त चार-पाच अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला शोभते. लांब पेप्टाइडला लावली तर साबण बनतो.

शेवटचे टोक आम्ल ठेवावे की अमाइड?

अमाइड. मोकळ्या आम्लाचा ऋणप्रभार जातो, म्हणजे फुकटात +१, आणि हेलिक्सचे टोकही स्थिर होते. त्यासाठी संश्लेषण रिंक अमाइड रेझिनवर (साखळी ज्या मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत वाढवतात ते) करा, वँग रेझिनवर केले तर आम्ल मिळेल.

संश्लेषणात हमखास काय बिघडते?

नेहमीचा बेत: ०.१ मिलिमोलसाठी ०.५ मिलिमोल प्रति ग्रॅम क्षमतेचे २०० मिलिग्रॅम रेझिन, २० टक्के पिपरिडिन डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात ५ आणि मग १५ मिनिटे, चार-पाच पट अमिनो आम्ल, जोडणीला ३० ते ६० मिनिटे. शेवटी ९५ टक्के ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल, २.५ टक्के पाणी, २.५ टक्के ट्रायआयसोप्रोपिलसिलेन, दोन ते तीन तास, आणि गार ईथरमध्ये अवक्षेपित करा.

हिशोब करून बघा: दर जोडणी ९९ टक्के झाली तर २२ जोडण्यांनंतर बरोबर साखळी ८० टक्के. ९८ टक्के झाली तर ६४. ल्युसिन-व्हॅलिन-आयसोल्युसिन सलग आले किंवा आर्जिनिन लागोपाठ आले की जोडणी अडते. तिथे न विचारता दोनदा जोडा आणि निनहायड्रिन चाचणी घ्या. वस्तुमान वर्णपटात १२८ कमी दिसले तर एक लायसिन राहिले, ११३ कमी तर ल्युसिन किंवा आयसोल्युसिन. २५२ जास्त असेल तर आर्जिनिनवरचा पीबीएफ हा संरक्षक गट निघालेला नाही, अजून एक-दोन तास द्या. ५६ जास्त असेल तर टर्शरी ब्युटिल गट चिकटलेला आहे. १६ जास्त असेल तर मेथिओनिन किंवा ट्रिप्टोफॅन ऑक्सिडाइझ झाले. शंका असेल तर पुढच्या वेळी मेथिओनिनच्या जागी नॉरल्युसिन घाला.

एक मिलिग्रॅम पावडर म्हणजे एक मिलिग्रॅम पेप्टाइड ना?

नाही, आणि हीच चूक प्रबंधांच्या तक्त्यांत सर्वात जास्त लपलेली असते. शुद्धीकरणानंतर दर धनप्रभाराला ट्रायफ्लुओरोअॅसिटेटचा एक आयन चिकटून येतो, वजन ११४. पेक्सिगॅननचे रेणुवजन २४७७, प्रभार +१०, म्हणजे चिकटलेले वजन ११४०. पावडरमध्ये पेप्टाइड फक्त ६८ टक्के, त्यात ओलावा वेगळा. +३ आणि +१० च्या पेप्टाइडची तुलना पावडरच्या वजनावर केली तर जास्त प्रभाराचे पेप्टाइड विनाकारण दुबळे दिसते. ट्रिप्टोफॅन असेल तर २८० नॅनोमीटरवर मोजा (शोषण गुणांक दर ट्रिप्टोफॅनमागे सुमारे ५५०० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर). पेक्सिगॅननमध्ये ट्रिप्टोफॅनही नाही आणि टायरोसिनही नाही, तिथे अमिनो आम्ल विश्लेषणाला पर्याय नाही. तुलना मायक्रोमोलरमध्ये करा.

एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवणारी किमान सांद्रता) दर वेळी वेगळी का येते?

आधी प्लेट बघा. नेहमीची पॉलिस्टायरिन प्लेट धनप्रभारी पेप्टाइड शोषून घेते, कमी सांद्रतेच्या खणांत तर बहुतेक सगळेच. पॉलिप्रॉपिलिन प्लेट घ्या आणि दहापट सांद्र द्रावणे ०.०१ टक्के अॅसेटिक आम्ल व ०.२ टक्के बोव्हाइन सिरम अल्ब्युमिनमध्ये बनवा. जिवाणू खणात मिलिलिटरला ५ लाख. म्युलर-हिंटन ब्रॉथ, ३५ ते ३७ अंश, १८ तास. ब्रॉथमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढवलेले आहे की नाही ते लिहून ठेवा, कारण हे आयन लिपोपॉलिसॅकराइडला शिवून धरतात आणि आकडा वर सरकतो. दुप्पट विरलीकरणात एक पायरी ही मोजण्याची चूक असते. ८ आणि १६ मध्ये 'सुधारणा' पाहू नका, तीन वेगवेगळ्या दिवशी दोन पायऱ्यांचा फरक आला तरच बोला.

तांबड्या पेशींची चाचणी कशी करावी?

संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन ताजे रक्त, पीबीएसने तीनदा धुणे, २ ते ४ टक्के पेशी, ३७ अंशांवर एक तास, १००० जी वर फिरवून वरच्या द्रवाचे ५४० नॅनोमीटरवर शोषण. शंभर टक्क्यांसाठी १ टक्का ट्रायटन एक्स-१००. नुसत्या पीबीएसचा खण गुलाबी दिसला तर पेशी जुन्या आहेत, आकडे टाकून द्या. पेशी १ टक्का घेतल्या की पेप्टाइड जास्त विषारी दिसते आणि ५ टक्के घेतल्या की सौम्य, म्हणून टक्केवारी न लिहिलेल्या आकड्याची तुलना करू नये. अर्ध्या पेशी फुटण्याची सांद्रता भागिले एमआयसी, हा उपचार निर्देशांक.

जिवाणू या पेप्टाइडना सरावतात का?

सरावतात, हळू. स्टॅफिलोकॉकस एमपीआरएफ जनुकाने फॉस्फाटिडिलग्लिसरॉलवर लायसिन चढवतो आणि स्वतःचा ऋणप्रभार झाकतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू लिपिड-ए वर (लिपोपॉलिसॅकराइडचा पटलात रुतलेला भाग) अमिनो साखर लावतात. २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलेले एमसीआर-१ जनुक तर प्लाझ्मिडवरून (डीएनएचे सुटे कडे) एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते आणि कोलिस्टिन हे पॉलिमिक्सिन गटातले औषध निकामी करते. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत व कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली, ती या पार्श्वभूमीवर.

संगणकाने आधीच अंदाज बांधता येतो का?

गाळणीपुरता. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने उभारलेला 'कॅम्प' हा पेप्टाइडसंग्रह २०१० पासून जगभर वापरला जातो, त्यात क्रम टाकून अंदाज मिळतो. पण अशी बहुतेक साधने 'जिवाणूरोधी आहे की नाही' एवढेच सांगतात. रक्तपेशींचे काय, रक्तरसात टिकेल का, हे सांगत नाहीत. या साधनांना शिकवण्यासाठी वापरलेले नकारात्मक ('जिवाणूरोधी नाही' असे धरलेले) नमुनेही बऱ्याचदा प्रत्यक्ष तपासलेले नसतात. शंभरांतून दहा निवडायला वापरा, दहांतून एक निवडायला नको.

एवढे असून औषधे थोडीच का?

पेक्सिगॅनन मलमाला मधुमेही पायाच्या जखमांसाठी १९९९ मध्ये अमेरिकेत मंजुरी नाकारली गेली. पेप्टाइड काम करत नव्हते असे नाही, हाताशी असलेल्या गोळ्यांपेक्षा सरस ठरले नाही. प्रोटेग्रिनवरून निघालेले मुरेपावॅडिन पटल फोडण्याऐवजी स्युडोमोनास जिवाणूच्या बाहेरच्या पटलातले एलपीटीडी प्रथिन पकडते. त्याच्या शिरेतून देण्याच्या चाचण्या २०१९ मध्ये मूत्रपिंडाच्या इजेमुळे थांबल्या. रक्तातले मीठ, प्रथिने आणि विकरे ही तिन्ही परीक्षानळीत नसतात. म्हणून पहिल्या फेरीतच १५० मिलिमोलर मीठ आणि थोडा रक्तरस घालून एमआयसी पुन्हा काढावी, जे पेप्टाइड तिथे गळते त्यावर पुढे पैसा घालू नये.

बाहेरून बनवून घेताना ऑर्डरमध्ये काय लिहावे?

क्रम, शेवटचे टोक अमाइड, पहिले टोक मोकळे की अॅसिटिल, ९५ टक्के शुद्धता, ट्रायफ्लुओरोअॅसिटेटऐवजी अॅसेटिक किंवा हायड्रोक्लोरिक क्षार, आणि निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण अमिनो आम्ल विश्लेषणाने कळवावे, अशी ओळ. विस्कटलेल्या क्रमाचे नियंत्रण-पेप्टाइड त्याच ऑर्डरमध्ये घाला, नंतर मागवले तर वेगळ्या बॅचचे येते. पावडर उणे २० अंशांवर ठेवा आणि कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर हवेतली ओल आत बसते आणि पुढचे प्रत्येक वजन चुकते.